लेकीकडचा मुक्काम

जयवंत दळवींच्या ‘संध्याछाया’तल्या नाना-नानींना मुलगी नाही. दोन मुलगे आहेत. दिनू अमेरिकेत आणि नंदू सैन्यदलात. एक परत येत नाही आणि दुसरा येऊ शकत नाही, एवढ्या दोन दारांवर दळवींनी ते घर बंद केलं आणि शेवट झोपेच्या गोळ्यांपर्यंत नेला. नाटक अजूनही अंगावर येतं. पण वाचताना मला दर वेळी एक चावट शंका येते. या घरात एक मुलगी घालून बघा. फार लांब नको, डोंबिवलीत दिलेली. शनिवारी दुपारी ती पोराला घेऊन आली असती, फ्रिजमधलं शिळं काढून टाकलं असतं, नानांच्या गोळ्यांचा डबा तपासला असता, नानींशी दोन गोष्टींवरून भांडली असती आणि संध्याकाळी म्हणाली असती, “चला, दोन दिवस माझ्याकडे.” नाटक उभंच राहिलं नसतं. त्या घरातला एकांत मुलगी नसण्यावर उभा आहे आणि त्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही.

दुसऱ्या बाजूला अशी नाटकं-सिनेमे आहेत ज्यात मुलगी आहे, तिचं घर आहे आणि आईवडील त्या घरी राहायला जातात. तिथे काय होतं? ‘नटसम्राट’मध्ये नली बापावर चोरीचा आळ घेते. त्यामागे उभ्या असलेल्या ‘किंग लिअर’मध्ये दोन मुली बापाला वादळात घालवतात. लिओ मॅकेरीच्या १९३७ च्या ‘मेक वे फॉर टुमारो’मध्ये म्हाताऱ्या बापाशी सगळ्यात तुटक वागते ती मुलगी, कोरा. तो सिनेमा डोक्यात ठेवून कोगो नोदा आणि यासुजिरो ओझू यांनी लिहिलेल्या ‘टोकियो स्टोरी’त (१९५३) सगळ्यात कंजूष, सगळ्यात फटकळ कोण, तर मुलगी, शिगे. सुमित्रा भावे-सुनील सुकथनकरांच्या ‘अस्तु’त बापाला गाडीत बसवून चार मिनिटं दुकानात जाते तीही मुलगीच. देश वेगळे, काळ वेगळे, आणि आरोपीच्या पिंजऱ्यात मात्र बहुतेक वेळा एकच बाई.

माझा प्रश्न साहित्याच्या अभ्यासकाचा नाही. मी इंजिनिअर आहे, सॉफ्टवेअर लिहिते, लग्न होऊन पेणला आले आणि माझे आईवडील रोह्यात असतात. पेण, कासू, नागोठणे, निडी, रोहा. मेमू वेळेवर असली तर पाऊण तास. गाडी चुकली तर वडखळवरून नागोठणं आणि भिसे खिंड. इतक्या अंतरासाठी ‘मुक्काम’ हा शब्द वापरणंही हास्यास्पद आहे. तरी ती दोघं आली की तो मुक्कामच असतो. पुण्यात भावाकडे गेली की आई फोनवर सांगते, “आम्ही पुण्याला राहायला आलोय.” माझ्याकडे येताना तीच आई म्हणते, “शनिवारी तुझ्याकडे येऊन जातो.” येऊन जातो. या क्रियापदातच परतीचं तिकीट काढलेलं असतं.

त्याला कारण आहे आणि ते जुनं आहे. माझी आजी लेकीच्या घरी पाणी प्यायली तरी तांब्याखाली नाणं ठेवून उठायची. कन्या दान दिली, दिलेल्या घरचं परत घ्यायचं नाही, असा हिशेब. नातवंड झाल्यावर तो थोडा सैल व्हायचा. आई नाणं ठेवत नाही. ती मोड आलेले कडवे वाल ओल्या फडक्यात बांधून आणते, सोबत तांदूळ, सुकट, आणि खरं तर पापडांचं गाव आमचं असूनही रोह्याहून पोह्याचे पापड. मी विचारलं तर म्हणते, “असू दे गं, तुला कुठे वेळ असतो?” हे सगळं मिळून आजीच्या नाण्यापेक्षा बरंच महाग पडतं.

जात्यावरच्या ओव्या पाहिल्या तर हीच दिशा दिसते. हेमा राईरकर आणि गी प्वातव्हां यांनी लाखाच्या वर ओव्या गोळा करून ठेवल्या आहेत, आता त्या ‘परी’च्या संकेतस्थळावर ऐकायलाही मिळतात. त्यात सासरी पाहुणा येतो तो भाऊ. त्याच्यासाठी रांधायचं, त्याचं घोडं कुठे बांधायचं, शेजारणीला तो कसा दाखवायचा, हे सगळं गाण्यात आहे. आईबाप माहेरी असतात. त्यांच्याकडे जायचं असतं, ती येत नाहीत. म्हणजे लेकीच्या दारात पाहुणे म्हणून उभे राहिलेले आईवडील ही आपल्या भाषेतली तशी नवी आकृती आहे. तिला ना रीत होती ना गाणं. मग रंगभूमीने तिच्यासाठी पहिली मोठी गोष्ट रचली ती चोरीच्या आळाची.

‘नटसम्राट’ १९७० च्या डिसेंबरात रंगभूमीवर आलं. डॉ. लागूंपासून नाना पाटेकरांपर्यंत गणपतराव बेलवलकर बदलत गेले, पण आपल्या घराघरांत त्या नाटकाचं जे काम चालतं ते तेच राहिलं. माझे बाबा नाटकवेडे नाहीत. आयुष्य धाटावच्या एमआयडीसीत पाळ्या करण्यात गेलं. तरी माझ्याकडे त्यांची चप्पल कुणी उचलून कोपऱ्यात ठेवली की ते लगेच बेलवलकरांचा तो घर मागणारा आवाज काढतात. सगळे हसतात. मीही हसते. पण त्या विनोदात धमकीचा एक बारीक काटा असतो, आणि तो मुलगा-सुनेच्या घरी काढला जातो त्याहून लेकीच्या घरी जास्त टोचतो, कारण नाटकात शेवटचं दार लेकीचंच आहे. मुलाकडून निघालेली माणसं लेकीकडे येतात. लेकीकडून निघालेल्यांना पुढे रस्ता.

शिरवाडकरांनी लिअरच्या तीन मुलींऐवजी एक मुलगा आणि एक मुलगी केली. अपराध वाटून टाकला असं वरवर दिसतं. नीट पाहा. मुलाच्या घरी बोलते, धुसफुसते, नातीच्या तोंडची भाषा बिघडते म्हणून चिडते ती सून, शारदा. मुलगा मध्ये घुटमळतो. मुलीच्या घरी बोलते ती मुलगी आणि जावई बाजूला उभा. दोन घरं आणि दोन्ही घरी दोषी बाईच. कॉर्डिलिया तर उरलीच नाही. तिची जागा काही अंशी बूटपॉलिशवाल्या राजाला मिळाली, म्हणजे माया घरातून काढून फुटपाथवर ठेवली.

वाटणीचाही मुद्दा आहे. बेलवलकर निवृत्त होताना जे आहे ते मुलगा आणि मुलगी दोघांना देऊन टाकतात. १९७० च्या मानाने हा बाप पुढारलेला. महाराष्ट्रात मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलासारखा हक्क देणारा कायदा १९९४ चा, देशभरात २००५ चा. पण नाटकात या वाटणीने काय साधलं? नलीला वाटा मिळाला म्हणून तिच्यावर देणं आलं, आणि देणं आलं म्हणून ती चुकली तर ती कृतघ्न. वाटा मिळाला नसता तर तिला कुणी विचारलंही नसतं. मुलीला हक्क देण्याचा क्षण आणि तिला दोषी ठरवण्याची सोय, दोन्ही एकाच प्रवेशात. नाटककाराने हे मुद्दाम केलं असं मला म्हणायचं नाही. त्याला शोकांतिकेसाठी एक दार बंद करायचं होतं आणि हातात हे दार होतं.

माझी खरी तक्रार वेगळी आहे. नली दिवसभर काय करते? तिच्या घरी सकाळी किती वाजता उठतात, पाणी कधी येतं, स्वयंपाकाला कोण, आईबाप आल्यापासून कुणाची झोप कमी झाली? नाटकाला हे नको आहे. बेलवलकरांकडे स्वगतं आहेत, कावेरीकडे सोसणं आहे, नलीकडे फक्त प्रतिष्ठा आणि संशय आहे. यजमान म्हणून तिचं एकही काम आपल्याला दिसत नाही, त्यामुळे तिचा राग कुठून आला हेही दिसत नाही. तो आकाशातून पडतो आणि प्रेक्षक सुटकेचा श्वास सोडतो: आपण काही असे नाही. मला हे ‘नटसम्राट’चं सगळ्यात कच्चं अंग वाटतं. भाषेच्या त्या प्रचंड झोतात ते झाकलं जातं, इतकंच.

‘टोकियो स्टोरी’ मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा शिगेचा राग आला होता. तो यावा अशीच रचना आहे, असं वाटतं. ओनोमिचीहून म्हातारे शुकिची आणि तोमी एवढा प्रवास करून टोकियोला मुलांकडे येतात. थोरला कोइची डॉक्टर, घरातच दवाखाना. शिगेचं घरातच ब्यूटी पार्लर. जेवायला काय करायचं, मटण आहे तर आणखी मासे कशाला, हे आल्या आल्या ठरतं. शिगेचा नवरा सासू-सासऱ्यांसाठी चांगला केक आणतो तर ती म्हणते, इतका महागाचा कशाला, त्यांना साधंही चाललं असतं. पुढे दोघं भावंडं पैसे घालून आईवडिलांना आतामीच्या गरम पाण्याच्या झऱ्यावर पाठवतात. तिथे रात्रभर गोंगाट. ती दोघं लवकर परततात, आणि नेमकी त्याच संध्याकाळी शिगेकडे व्यवसायातल्या बायकांची बैठक आहे. म्हातारा-म्हातारी रात्र काढायला दोन दिशांना जातात.

मग मी तो दुसऱ्यांदा पाहिला. मधल्या काळात आमच्या घरी एक शनिवार-रविवार होऊन गेला होता. नणंदेचा साखरपुडा रविवारी, पेणलाच. आईबाबा शनिवारी सकाळच्या गाडीने आले. शनिवारी रात्री अकरा वाजता आमच्या टीमचं रिलीज होतं आणि ते माझ्याकडे होतं, महिनाभर आधी ठरलेलं. त्यात सासूबाईंना रुखवतासारखं काहीतरी टेबल सजवायचं होतं, हॉलवाल्याचा हिशेब बाकी होता, आणि नवरा पाहुण्यांना आणायला वडखळ नाक्यावर ट्रॅफिकमध्ये. आईबाबांना आमची खोली दिली. त्या खोलीत माझं टेबल, मॉनिटर, खुर्ची. ते सगळं उचलून स्वयंपाकघराच्या गॅलरीत लावलं. वॉशिंग मशीनशेजारी.

‘टोकियो स्टोरी’च्या सुरुवातीला अगदी हेच आहे आणि पहिल्या वेळी ते माझ्या डोळ्यांवरून सरकून गेलं होतं. आजी-आजोबा येणार म्हणून नातवाचं, मिनोरूचं, अभ्यासाचं टेबल बाहेर काढलेलं असतं. तो शाळेतून येतो आणि कुरकुरतो: आता मी अभ्यास कुठे करू? आई म्हणते कुठेही कर. ओझू हे टेबल दाखवतो. पाहुणा येतो म्हणजे कुणाचं तरी टेबल हलतं, हे त्याला माहीत आहे. सिनेमाभर तो हेच दाखवत राहतो. कोइची रविवारी आईवडिलांना फिरवायला न्यायला कपडे करून तयार असतो आणि एका आजारी पोराचा बाप दारात येतो. तो जातो. त्याला कुणी दुष्ट म्हणत नाही, कारण डॉक्टर आहे. शिगेची बैठकही तिच्या धंद्याचाच भाग आहे. पण रोग्यासाठी रद्द झालेला रविवार आणि गिऱ्हाइकांसाठी रद्द झालेली रात्र यांना आपण वेगळ्या तराजूत घालतो. तिच्या हातात कात्री आणि केस वाळवायचं यंत्र आहे, स्टेथोस्कोप नाही.

शिगे कामात असते, सतत. पडद्यावर ती दिसते तेव्हा बहुतेक वेळा हातात काहीतरी चाललेलं असतं. बोलणंही त्या हातांच्या लयीत येतं, तुटक. केकचं तिचं वाक्य मी आता वेगळं ऐकते. घर चालवणारी बाई खर्चाचा हिशेब मोठ्याने करते आणि ज्याला खर्च करायला आवडतं तो नवरा उदार दिसतो. आमच्याकडेही साखरपुड्याच्या आदल्या दिवशी बाबांसाठी सुरमई नवऱ्याने आणली आणि ती साफ करणार कोण, हा प्रश्न मी विचारला. बाबा जावयाकडे कौतुकाने बघत होते.

एका जागी मात्र मी शिगेला सोडवू शकत नाही. पार्लरमधली एक बाई विचारते, हे कोण? शिगे म्हणते, गावाकडचे ओळखीचे आहेत. कामाची घाई, दमणूक, पैशाची ओढ, यातलं काहीही त्या वाक्याला पुरत नाही. ती लाज आहे. ओझूला तिथे थांबावंसंही वाटत नाही. वाक्य येतं, जातं, शिगे पुन्हा केसांकडे वळते. मला वाटतं ‘नटसम्राट’मधल्या चोरीच्या आळापेक्षा हे वाक्य कितीतरी भयंकर आहे, कारण ते आपण सगळे म्हणू शकतो. चोरीचा आळ आपल्यापैकी कुणी आईबापावर घेणार नाही. पण ऑफिसच्या कॉलवर मागे खाकरण्याचा आवाज आला तर ‘घरी पाहुणे आहेत’ असं म्हणून म्यूट करणाऱ्या किती जणी मी ऐकल्या आहेत.

तोमी मरते तेव्हाचा शिगेचा भाग समीक्षक तिच्याविरुद्ध वापरतात. ती येतानाच सुतकाचे कपडे घेऊन आलेली असते. आई पहाटेपर्यंत काढणार नाही असं कोइची सांगतो तेव्हा मोठ्याने रडते तीही तीच. दुसऱ्या दिवशी अंत्यविधीनंतर जेवताना ती आईचा अमुक किमोनो मला आठवण म्हणून हवा, असं सांगून टाकते. थंड बाई, असा निकाल. मला यातलं काहीच थंड वाटत नाही. आपल्याकडे आईची इरकल कुणाला, पाटल्या कुणाला, हे दिवस होण्याआधी ठरतं आणि ठरवतात त्याच बायका ज्यांचे डोळे सुजलेले असतात. नोरिको आणि धाकटा केइझो सुतकाचे कपडे आणत नाहीत. ती भाबडी आहेत. शिगे व्यवस्थापक आहे. मरणाच्याही घरी कुणीतरी व्यवस्थापक लागतो आणि त्याला नेहमी शिव्या बसतात.

आता नोरिको. सेत्सुको हाराच्या त्या हसण्यावर जगभर पानंच्या पानं लिहिली गेली आहेत. युद्धात गेलेल्या मुलाची विधवा, रक्ताचं नातं नाही, तरी तीच ऑफिसातून रजा मागून सासू-सासऱ्यांना टोकियो दाखवते, शेजारणीकडून दारू उसनी आणून सासऱ्याला पाजते, सासूला आपल्या एका खोलीत झोपवते. शेवटी सासरा तिला तोमीचं घड्याळ देतो. परक्या घरची सून पोटच्या पोरांपेक्षा बरी निघाली, असा धडा आपल्याकडे लगेच काढला जाईल.

पण तिच्या खोलीकडे पाहा. तिथे हलवण्यासारखं टेबलच नाही. नवरा नाही, पोर नाही, रुग्ण नाही, गिऱ्हाईक नाही. आठ वर्षं थांबलेलं एक आयुष्य आहे आणि म्हणून त्यात पाहुण्याला जागा आहे. तिला हे कळतं. ती सासऱ्याला सांगते की तुम्ही समजता तितकी मी चांगली नाही, नवऱ्याची आठवण हल्ली दिवसचे दिवस येत नाही. धाकटी नणंद क्योको भावंडांवर चिडते तेव्हा नोरिकोच तिला समजावते की मुलं अशी दूर जातातच, मीही कदाचित तशीच होईन. सिनेमातली सगळ्यात प्रेमळ व्यक्ती शिगेचं वकीलपत्र घेते. ‘नटसम्राट’मध्ये नलीसाठी असं कुणी उभं राहत नाही.

सिनेमात आणखी एक बाई आहे जिच्यावर मला फारसं लिहिलेलं सापडत नाही. कोइचीची बायको, फुमिको. ती पहिल्यापासून झाडते, आवरते, पाणी तापवते, वाढते. तिचं कुणी कौतुक करत नाही आणि निंदाही नाही. सुनेचं काम हवेसारखं असतं, असतं तोवर दिसत नाही. हे मी लेक म्हणून लिहिते आहे तेव्हा माझ्या पुण्याच्या वहिनीची आठवण ठेवायला हवी. माझे आईबाबा तिच्याकडे ‘राहायला’ जातात. तिथे ती फुमिको आहे. बाबांना वरण कसं लागतं हे तिला पाठ आहे आणि त्याबद्दल कुणी तिचं घड्याळ काढून देत नाही. माझ्याकडे तीच माणसं आली की मी शिगे होते. माझ्या प्रत्येक लहान गोष्टीचं वजन होतं, चांगल्याचंही. लेकीने दोन घास वाढले तर ते ‘लेकीने वाढले’ असतात.

लेकीच्या घरातला पेच तिथल्या दुसऱ्या आईवडिलांमुळे आणखी वाढतो. हा पेच ना शिरवाडकरांकडे आहे ना ओझूकडे. शिगेला सासू-सासरे घरात नाहीत. पेणला आमच्या घरी आहेत आणि चांगले आहेत. साखरपुड्याच्या दिवशी माझे आईबाबा पाहुणे नव्हते, व्याही होते, आणि व्याह्यांना काय करू द्यायचं याची रीत फार कडक असते. आई स्वयंपाकघरात वाल सोलायला बसली तर सासूबाई धावत आल्या: “अहो विहीणबाई, तुम्ही कशाला, तुम्ही बाहेर बसा बघू.” आई बाहेर जाऊन बसली. हॉलमध्ये बाबांना पहिल्या रांगेत बसवलं, तिथे ते ताठ बसून राहिले, रोह्यात धावीर महाराजांच्या पालखीला पोलिस सलामी देतात तेव्हा बसतात तसे. मानाने माणूस किती एकटा पडतो. सोललेले वाल रात्री मी फ्रिजमध्ये ठेवले, बिरडं सोमवारी झालं, ती दोघं गेल्यावर.

रात्री अकराचं रिलीज साडेबाराला संपलं. गॅलरीच्या दारात आई स्टुलावर बसली होती, दिवा न लावता. किती वेळ, मला माहीत नाही. म्हणाली, “झालं का तुझं? मी म्हटलं कुणाशी एवढं बोलतेस रात्रीची.” मग आम्ही दोघींनी चहा केला. तेवढाच आमचा वेळ, त्या दोन दिवसांतला. ‘टोकियो स्टोरी’त अशी एकच रात्र आहे, नोरिकोच्या खोलीतली, आणि ती सुनेच्या वाट्याला गेली आहे. शिगेला आईबरोबर अशी अर्धी रात्रही ओझूने दिलेली नाही. इतक्या न्यायी दिग्दर्शकाने इथे जरा हात आखडता घेतला, असं मला वाटतं.

मराठीत या जागेच्या सगळ्यात जवळ गेलेला सिनेमा ‘अस्तु’ आहे. संस्कृतचे पंडित चक्रपाणी शास्त्री स्मृतिभ्रंशात हरवत चाललेत. मुलगी इरा त्यांना गाडीत बसवून काही घ्यायला उतरते, तेवढ्यात ते हत्तीच्या मागे निघून जातात. मोहन आगाशे आणि इरावती हर्षे दोघंही उत्तम, आणि माहुताच्या बायकोच्या भूमिकेत अमृता सुभाषने जे केलं त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला तो योग्यच. इथे मुलगी अपराधी आहे, पण सिनेमा तिच्या बाजूने बसून पाहतो. ती थकलेली दिसते, चिडलेली दिसते. तरीही शेवटी शहाणपण कुणाकडे जातं? रस्त्यावरच्या, अनोळखी, अक्षरशत्रू स्त्रीकडे. ती या म्हाताऱ्याची आई होऊन जाते. म्हणजे पुन्हा राजा, पुन्हा नोरिको. आईबापाला निखळ माया द्यायची तर ती देणारीला त्यांच्याशी जोडलेलं काहीच नसावं लागतं, ही अट आपल्या चांगल्यात चांगल्या कलाकृतीही सोडत नाहीत. ज्या मुलीकडे त्यांच्या गोळ्यांची यादी, पॉलिसीचे कागद आणि भावाशी अर्धवट राहिलेलं बोलणं आहे, तिच्या मायेला नेहमी कसला तरी वास येतो. व्यवहाराचा.

कायदा याबाबतीत नाटकांच्या पुढे गेला आहे. कल्याणच्या एका विवाहित डॉक्टर मुलीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८७ सालीच सांगितलं की आईबापाच्या पोटगीची जबाबदारी लग्न झालेल्या मुलीवरही आहे. २००७ च्या ज्येष्ठ नागरिकांच्या कायद्यात ‘मुलं’ या शब्दात मुलगी सरळच येते. म्हणजे आता ती दान दिलेली नाही, जबाबदार आहे. जबाबदार माणसाला रविवार कधी मिळतो, त्याचं टेबल कुठे जातं, हे कायद्याला सांगता येत नाही. ते नाटकाने, कथेने सांगायचं असतं. एक साधा शनिवार-रविवार. कुणी कुणाला हाकलत नाही, कुणी गोळ्या घेत नाही, कुणी हत्तीमागे जात नाही. गाडी येते, माणसं उतरतात, दोन दिवसांनी चढतात. मराठीत हे कुणी सबंध लिहिलं असेल तर ते माझ्या वाचनात आलेलं नाही.

ओझूने सगळं टिपलं, एक सोडून. अंत्यविधीचं जेवण आटोपल्यावर कोइची आणि शिगे त्याच रात्रीच्या गाडीने टोकियोला निघतात. क्योकोला ते क्रूर वाटतं. कॅमेरा तिच्याबरोबर, नोरिकोबरोबर, उकाड्यात पंख्याने वारा घेणाऱ्या म्हाताऱ्याबरोबर ओनोमिचीत थांबतो. गाडीत शिगे रात्रभर बसून काय करत होती, सकाळी पार्लरचं दार उघडून पहिल्या गिऱ्हाइकाला तिने काय सांगितलं, हे त्याने दाखवलेलं नाही.